तुरुंगातलं कॉलेज आणि साडेतीन कोटी डॉलर

१८ सप्टेंबर २०१५. न्यूयॉर्क राज्यातल्या नॅपनॉक गावचा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग, नाव ईस्टर्न न्यूयॉर्क करेक्शनल फॅसिलिटी. (आपण जसं तुरुंगाला 'कारागृह' म्हणून जरा इस्त्री मारतो, तसंच ते लोक 'करेक्शनल' म्हणतात.) तिथल्या सभागृहात वादविवाद स्पर्धा भरली होती. एका बाजूला हार्वर्ड विद्यापीठाची टीम, दुसऱ्या बाजूला तीन कैदी. कैद्यांच्या वाट्याला आलेली बाजू अशी होती की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना प्रवेश नाकारायची मुभा सरकारी शाळांना असावी. गंमत म्हणजे ही बाजू त्यांना स्वतःला अजिबात पटत नव्हती. तयारीसाठी इंटरनेट नाही. एखादं पुस्तक किंवा लेख हवा असेल तर तुरुंगाच्या परवानगीने मागवायचा, आणि तो हातात पडायला कधीकधी काही आठवडे लागायचे. आपण दोन मिनिटं गूगल बंद पडलं तर कॉफी प्यायला उठतो, हे लक्षात घ्या.

परीक्षकांनी निकाल दिला. कैदी जिंकले.

बातमी जगभर फिरली. 'हार्वर्ड हरलं, कैदी जिंकले' यापेक्षा चांगला मथळा कुणाला मिळणार? लोकांनी वाचली, आश्चर्य व्यक्त केलं, पुढे पाठवली आणि विसरले. मला मात्र त्या मथळ्यापेक्षा त्याच्या मागची भानगड जास्त इंटरेस्टिंग वाटते. त्या तुरुंगात मुळात कॉलेज आलं कुठून? शिकवायला कोण जातं? पैसे कोण भरतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याच्या एकवीस वर्षं आधी अमेरिकेने असली शेकडो कॉलेजं एका सहीनिशी बंद का करून टाकली होती? लेख जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. तुरुंग आणि विद्या हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला मंडाले आठवतं, टिळक आठवतात, 'गीतारहस्य' आठवतं. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो राजकीय कैदी. विद्वान माणूस आत गेला आणि त्याने आतही विद्वत्ताच केली. इथे ते प्रकरण नाही. इथले विद्यार्थी दरोडा, ड्रग्ज, मारामारी, खून यांसाठी आत गेलेले आहेत. अनेकांची शाळाही पूर्ण झालेली नाही. तेव्हा सहानुभूती आपोआप येणार नाही, आणि ती आलीच पाहिजे असा माझा आग्रहही नाही.

तर सुरुवातीपासून.

अमेरिकेतल्या तुरुंगात शिकवायला बाहेरून पहिल्यांदा गेले ते पाद्री. फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट जेलमध्ये १७८७ साली विल्यम रॉजर्स नावाचे धर्मोपदेशक कैद्यांना उपदेश करायला गेले, तेव्हा जेलरने कैद्यांवर रोखलेली तोफ ठेवली होती आणि शेजारी पेटती वात घेऊन एक माणूस उभा होता, अशी गोष्ट सांगतात. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावं म्हणून केलेली इतकी जबरदस्त सोय पुढे कुठल्याच कॉलेजला जमलेली नाही. :) पण त्या तोफेत पुढची सगळी गोष्ट आहे. शिकवणारा आत जातोय, त्याला आत जाऊ देणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्यांना शिकवायचं त्यांच्यावर तर कुणाचाच नाही.

मग एकदम विसाव्या शतकात येऊ. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या दक्षिणेला नॉरफोक नावाचा तुरुंग आहे. हॉवर्ड गिल या हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो उभा करायला घेतला. कल्पना अशी की आतलं जगणं शक्य तितकं बाहेरच्यासारखं असावं, म्हणजे माणूस बाहेर पडल्यावर भांबावणार नाही. १९४८ साली तिथे एक तरुण कैदी बदलून आला. शिक्षण आठवीपर्यंत, गुन्हा घरफोडीचा. नाव माल्कम लिटल. पुढे जग त्याला माल्कम एक्स म्हणून ओळखू लागलं. हार्वर्ड आणि बॉस्टन विद्यापीठातून शिक्षक तिथे शिकवायला येत, तिथे मोठं ग्रंथालय होतं आणि दर आठवड्याला वादविवाद होत, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. म्हणजे कैदी विरुद्ध कॉलेज हा सामना २०१५ चा नवा शोध नव्हे. नॉरफोकचा संघ त्या काळात हार्वर्ड, एमआयटीच्या संघांशी भिडायचा. १९५१ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या दौऱ्यावर आलेल्या संघालाही हरवलं.

पण हे सगळं सुटंसुटं चाललं होतं. कुठे एखादा उदार वॉर्डन, कुठे एखादा हौशी प्राध्यापक. माणूस बदलला की उपक्रम बंद. (ज्यांनी एकाच माणसाच्या डोक्यात राहणारी सिस्टीम सांभाळली आहे त्यांना हे जास्त सांगायला नको.)

दोन गोष्टींनी चित्र बदललं. पहिली म्हणजे अॅटिका. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या या तुरुंगात कैद्यांनी बंड केलं, गार्ड्सना ओलीस ठेवलं. चार दिवसांच्या वाटाघाटींनंतर राज्य पोलीस गोळीबार करत आत शिरले. सगळं संपलं तेव्हा एकूण ४३ माणसं मेली होती, कैदी आणि तुरुंग कर्मचारी दोन्ही. कैद्यांच्या मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. बरं जेवण, डॉक्टर, कामाची रास्त मजुरी, धर्म पाळायची मोकळीक, आणि त्यातच एक मागणी शिक्षणाची व्यवस्था सुधारण्याची. त्या रक्तपातानंतर तुरुंगात नुसती कोंडून ठेवलेली माणसं हा बॉम्ब असतो हे प्रशासनालाही कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी थेट अनुदान द्यायची योजना आणली. कर्ज नाही, अनुदान. परत फेडायचं नाही. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी ती रेटली, म्हणून १९८० पासून तिला 'पेल ग्रँट' म्हणू लागले. अट मुख्यतः उत्पन्नाची. आता कैद्याचं उत्पन्न किती असणार? त्यामुळे कैदीही आपोआप पात्र ठरले. पैसे कैद्याच्या हातात जात नव्हते, थेट कॉलेजकडे फी म्हणून जात होते. आणि फी येतेय म्हटल्यावर कॉलेजांनाही तुरुंगात वर्ग चालवणं परवडू लागलं. १९६० च्या दशकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उपक्रम होते, ते १९८२ पर्यंत साडेतीनशेच्या घरात गेले.

बॉस्टन विद्यापीठाचं उदाहरण छान आहे. तिथल्या इंग्रजीच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्कर १९७२ साली विद्यापीठाची क्विझ टीम घेऊन त्याच नॉरफोक तुरुंगात गेल्या. कैद्यांनी विद्यापीठाच्या मुलांना हरवलं! बाईंनी विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे तगादा लावला आणि तुरुंगात विद्यापीठाचे रीतसर वर्ग सुरू झाले. तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा, तीच पदवी.

आता शिकवणाऱ्यांबद्दल थोडं, कारण इतिहासाच्या पुस्तकात ही माणसं तळटिपेत जातात. तुरुंगात शिकवणं म्हणजे नेमकं काय? आत जाताना मोबाइल, लॅपटॉप बाहेर. काय नेता येईल याची यादी आधी मंजूर करून घ्यायची. आतल्या कैद्यांची दिवसातून अनेकदा मोजणी होते, आणि आकडा जुळेपर्यंत कुणीही जागचा हलत नाही. मोजणी लांबली की तुमचा दोन तासांचा वर्ग सव्वा तासाचा होतो. कुठे मारामारी झाली की सगळा तुरुंग बंद, वर्ग रद्द. अर्ध्या सेमिस्टरमध्ये तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी दुसऱ्या तुरुंगात हलवला जातो. कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांना तर कपड्यांचेही नियम: निळी डेनिम घालायची नाही, कारण कैद्यांचे कपडे निळे, गडबडीत मनोऱ्यावरच्या गार्डला फरक कळायला हवा. आणि आधीच सांगून ठेवतात की तुम्हाला कुणी ओलीस धरलं तर तुमच्या सुटकेसाठी सरकार सौदा करणार नाही. जॉइनिंगच्या दिवशी एचआर असलं काही सांगू लागलं तर आपण परत किती जण येऊ?

तरी लोक जात राहिले. आणि जाऊन आलेले प्राध्यापक एक गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगतात, की दिलेलं सगळं वाचून येणारा वर्ग त्यांना तिथे भेटला.

आता येतं १९९४.

पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. १९७२ साली अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं होती. १९९४ अखेर तो आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. शहरांतली गुन्हेगारी हा निवडणुकीचा सगळ्यात मोठा मुद्दा होता आणि दोन्ही पक्षांत जास्त कडक कोण याची चढाओढ होती. दुसरीकडे कॉलेजच्या फिया वर्षागणिक वाढत होत्या. मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या कॉलेजसाठी कर्ज काढणं ही नेहमीची गोष्ट झाली होती. आणि अशा वेळी टीव्हीवर बातमी: कैद्यांना सरकार फुकट कॉलेज शिकवतंय!

टेक्सासच्या सिनेटर के बेली हचिसन यांनी १९९३ मध्ये सिनेटमध्ये दुरुस्ती मांडली. प्रतिनिधिगृहात टेनेसीचे बार्ट गॉर्डन पुढे आले. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. मुद्दा एका वाक्याचा होता आणि म्हणूनच भारी होता: कैद्याला दिलेला प्रत्येक डॉलर कायदा पाळणाऱ्या गरीब मुलाच्या ताटातून काढलेला आहे. जन्मठेपेत पॅरोल नसलेल्यांना आणि मृत्युदंड झालेल्यांना १९९२ मध्येच वगळलं होतं. आता सगळ्यांनाच वगळायचं. स्वतः पेल यांनी विरोध केला, पण वारा उलटा होता. १३ सप्टेंबर १९९४ ला बिल क्लिंटन यांनी त्या प्रचंड गुन्हेगारी-विरोधी विधेयकावर सही केली आणि कैद्यांची पेल ग्रँट बंद झाली. विधेयक पुढे रेटणाऱ्यांत सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष अग्रभागी होते. त्यांचं नाव जो बायडेन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आकडे बघू. १९९३-९४ या शैक्षणिक वर्षात सुमारे २३,००० कैद्यांना पेल ग्रँट मिळाली होती. एकूण विद्यार्थी होते ४० लाखांच्या आसपास. कैद्यांवरचा खर्च होता सुमारे साडेतीन कोटी डॉलर, आणि योजनेचा एकूण खर्च पाचशे कोटींच्या वर. म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. डोई पडतात साधारण दीड हजार डॉलर.

आणि तो ताटातला घास? अमेरिकन सरकारचं हिशेब तपासणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे, आपल्या कॅगसारखं. त्याने तेव्हाच सांगितलं होतं की कैद्यांना ग्रँट मिळाल्यामुळे एकाही पात्र विद्यार्थ्याची ग्रँट नाकारली गेलेली नाही. कारण साधं आहे. पेल ग्रँट ही सीईटीची सीट नाही. आपल्या डोक्यात शिक्षण म्हटलं की रांग असते: साठ जागा, तू आत गेलास तर मी बाहेर. पेलचं तसं नाही. ती गॅसच्या सबसिडीसारखी आहे. निकषात बसलात की मिळते. शेजारच्याला मिळाली म्हणून तुमचा सिलिंडर महाग होत नाही. करदात्याच्या खिशातून पैसे जातात हे खरंच, पण त्या साडेतीन कोटींची वाटणी उरलेल्या चाळीस लाख विद्यार्थ्यांत केली असती तरी डोई नऊ डॉलरही आले नसते.

कंपनीत खर्चकपात जाहीर झाली की सगळ्यात आधी पँट्रीतली बिस्किटं बंद होतात. त्यातून काही वाचत नाही, पण कपात झाल्याचं सगळ्यांना दिसतं. १९९४ ची कपात त्याच जातीची होती. फरक एवढाच की त्याच विधेयकात नवे तुरुंग बांधायला ९७० कोटी डॉलरची तरतूद होती.

परिणाम झटपट दिसले. राज्यांनीही हात आखडते घेतले. न्यूयॉर्कने १९९५ मध्ये कैद्यांना मिळणारी राज्याची शिष्यवृत्ती बंद केली. फी बंद म्हणून वर्ग बंद. दोन-तीन वर्षांत देशभरातल्या शेकडो उपक्रमांपैकी मोजकेच शिल्लक राहिले. बॉस्टन विद्यापीठाचा टिकला, कारण विद्यापीठ स्वतः फी माफ करत होतं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही याचं कारण सरकार नाही, कायदा नाही. कारण आहे ती काही माणसं, आतली आणि बाहेरची.

न्यूयॉर्क राज्यात बेडफर्ड हिल्स नावाचा बायकांचा तुरुंग आहे. तिथलं कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं. आतल्या कैदी बायकांनी समिती केली, तुरुंगाच्या अधीक्षक एलेन लॉर्ड यांनी त्यांना साथ दिली, गावातल्या लोकांना बोलावलं, कॉलेजांना गाठलं. १९९७ मध्ये मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेजच्या पुढाकाराने वर्ग पुन्हा सुरू झाले. अनेक कॉलेजांचे प्राध्यापक येऊ लागले, पैसे देणग्यांतून. आणि विद्यार्थिनींनीही आपल्या तुटपुंज्या तुरुंग-मजुरीतून नावापुरती का होईना, फी भरायची असं ठरलं. मला ही फी फार आवडली. रक्कम किरकोळ, पण फी भरली की आपण विद्यार्थी.

याच तुरुंगात एक भन्नाट अभ्यास झाला. न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मिशेल फाइन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजचा परिणाम मोजायचं ठरवलं, आणि संशोधकांच्या टीममध्ये तिथल्या कैदी बायकांनाच घेतलं. सहकारी संशोधक म्हणून, अहवालावर नावानिशी. २००१ मध्ये निष्कर्ष आले. सुटल्यानंतर तीन वर्षांच्या आत तुरुंगात परत येणाऱ्यांचं प्रमाण: कॉलेज केलेल्यांत ७.७ टक्के, न केलेल्यांत २९.९ टक्के.

त्याच राज्यात बार्ड नावाचं एक छोटं, महागडं कॉलेज आहे. १९९९ मध्ये तिथल्या मॅक्स केनर नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याने डोक्यात घेतलं की आपल्या कॉलेजने तुरुंगात वर्ग चालवावेत. कॉलेजच्या अध्यक्षांनी हो म्हटलं आणि २००१ मध्ये ईस्टर्न तुरुंगात पहिली १६ जणांची बॅच बसली. निवड निबंध आणि मुलाखत घेऊन. अर्ज करणाऱ्या बहुतेकांना नकार मिळतो, पुन्हा पुन्हा अर्ज करणारे आहेत. शिकवतात बार्डचेच प्राध्यापक, आणि सवलतीचे मार्क नाहीत. गणित म्हणजे गणित, चिनी भाषा म्हणजे चिनी भाषा, शेवटच्या वर्षी प्रबंध सगळ्यांना. तर २०१५ मध्ये हार्वर्डला हरवलं ते यांनी. बातमीत तो चमत्कार म्हणून आला. खरं तर ती चौदा वर्षांच्या होमवर्कची बेरीज होती.

तिसरं उदाहरण पश्चिम किनाऱ्यावरचं. आपल्यातले जे कुणी बे एरियात ऑनसाइट जाऊन आलेत त्यांनी रिचमंड-सॅन राफेल पुलावरून जाताना खाडीकाठची एक पिवळट, किल्ल्यासारखी इमारत बघितली असेल. ते सॅन क्वेंटिन. १८५० च्या दशकापासूनचा तुरुंग, जगातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एका तुकड्यावर. तिथे १९९६ मध्ये, म्हणजे पैसे बंद झाल्यावर, दोन-चार स्वयंसेवकांनी वर्ग सुरू केले. पदवीवर नाव ओकलंडच्या पॅटन कॉलेजचं. जोडी लेवेन या बर्कलेच्या विद्यार्थिनी तिथे शिकवायला गेल्या आणि २००० मध्ये उपक्रमाच्या प्रमुख झाल्या. शिकवणारे बर्कले, स्टॅनफर्ड आणि आसपासच्या कॉलेजांतले प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी. पगार शून्य. संध्याकाळी गाडी काढून जायचं, रात्री परत यायचं, घरी पेपर तपासायचे. ओबामांनी या उपक्रमाला राष्ट्रीय मानव्यविद्या पदक दिलं. आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र कॉलेज म्हणून मान्यता मिळाली: माउंट तमल्पाइस कॉलेज. दुसऱ्या कुणाची शाखा म्हणून नाही, तुरुंगातच असलेलं स्वतःचं कॉलेज.

आता आपल्यातला इंजिनिअर हात वर करेल, करायलाच हवा. बेडफर्डचे आकडे ठीक, पण कॉलेजला जातात ते मुळातच सुधारायची इच्छा असलेले असणार ना? मग श्रेय कॉलेजचं की इच्छेचं? प्रश्न बरोबर आहे. रँड या संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तीसेक वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि ही शंका लक्षात घेऊन चांगल्या दर्जाचे अभ्यास वेगळे काढून तपासले. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता १३ टक्के-बिंदूंनी कमी निघाली. आणि शिक्षणावर खर्च केलेल्या दर डॉलरमागे, पुढच्या तीन वर्षांत लोकांना पुन्हा डांबून ठेवण्याचा खर्च चार ते पाच डॉलरने वाचतो, असा अंदाज. यात फक्त कॉलेज नाही, शालेय शिक्षण आणि कामाचं प्रशिक्षणही आहे. शंका पूर्ण मिटते असं मी म्हणणार नाही. पण अर्धी सूट दिली तरी सौदा फायद्याचाच राहतो.

म्हणजे गणित सुटलं? नाही. कारण १९९४ मध्ये गणितावर मतदान झालंच नव्हतं.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी दहा तुरुंगांत सरकारी खर्चाने कॉलेज सुरू करायची घोषणा केली. त्यांनी हिशेबच मांडला: एका कैद्याला डांबून ठेवायला वर्षाला ६०,००० डॉलर, कॉलेज शिकवायला ५,००० डॉलर. गणित म्हणून बिनतोड. तरी एवढा गदारोळ झाला की काही आठवड्यांत घोषणा मागे घ्यावी लागली. लोक विचारत होते तो प्रश्न वीस वर्षांपूर्वीचाच होता: माझ्या मुलाने काय गुन्हा केला म्हणून त्याला कर्ज?

या प्रश्नाला हसून चालणार नाही. आपल्यापैकी कित्येक जण अजून एज्युकेशन लोनचे हप्ते भरतोय. आईने दागिने गहाण ठेवून फी भरलेले मित्र मला माहीत आहेत, तुम्हालाही असतील. तुरुंगातल्या गार्डचा विचार करा. बारा तासांची ड्यूटी करून तो घरी जातो आणि मुलीच्या कॉलेजचं कर्ज काढतो, आणि तो ज्याच्यावर पहारा देतो तो आत बसून फुकट डिग्री घेतो. आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या कैद्याच्या हातून मेलं त्यांना तर आपण कुठलाच तक्ता दाखवू शकत नाही.

पण तो राग नीट बघितला तर त्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एक, 'माझ्या मुलीला का मिळत नाही?' दुसरी, 'त्याला का मिळतंय?' पहिली शंभर टक्के रास्त आहे. १९९४ मध्ये दुसरीवर उपाय केला आणि पहिली सुटल्याचं भासवलं. नंतरच्या वर्षांत कॉलेजच्या फिया कमी झाल्या का? उलट वाढतच गेल्या. गार्डच्या मुलीचं कर्ज होतं तिथेच राहिलं. फक्त तिच्या बापाच्या ड्यूटीवरच्या तुरुंगातला वर्ग बंद झाला, आणि रिकामी संध्याकाळ असलेली शे-दोनशे माणसं त्याला सांभाळायला उरली.

आणि ती माणसं कायमची आत नसतात, हेही विसरलं जातं. अमेरिकेत राज्यांच्या तुरुंगांतले बहुतेक सगळे कैदी कधी ना कधी सुटतात. २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्यांचा सरकारने माग ठेवला, तर तीन वर्षांत दोन तृतीयांश लोकांना पुन्हा अटक झाली होती. सुटलेला माणूस कुणाच्या तरी शेजारी राहायला येणारच. तो कसा येतो हा प्रश्न त्याच्यापेक्षा शेजाऱ्याचा जास्त आहे.

शेवटी चाक उलटं फिरलं, पण हळूहळू. २०१५ मध्ये ओबामा सरकारने प्रयोग म्हणून काही कॉलेजांपुरती पेल ग्रँट पुन्हा सुरू केली. पहिल्या फेरीत ६७ कॉलेजं निवडली गेली. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने बंदी उठवली, सही डोनाल्ड ट्रम्प यांची. अंमल सुरू झाला १ जुलै २०२३ पासून, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जो बायडेन. सांगितलं होतं ना, नाव लक्षात ठेवा. बंदी घालताना दोन्ही पक्ष एकत्र होते, उठवतानाही एकत्र. राजकारणात असा पूर्ण गोल क्वचित बघायला मिळतो.

मध्ये गेली एकोणतीस वर्षं. ज्याने १९९४ मध्ये पंचविसाव्या वर्षी पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं परत केली, तो २०२३ मध्ये चौपन्न वर्षांचा होता. साडेतीन कोटी डॉलर वाचवायला गेलेला खर्च लिहायचा तर तो या रकान्यात लिहावा लागेल, आणि तो डॉलरमध्ये लिहिता येत नाही.

पैसा परत आला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. नव्या नियमांनी प्रत्येक उपक्रमाला तुरुंग खातं, कॉलेजला मान्यता देणारी संस्था आणि केंद्राचं शिक्षण खातं अशा तिघांचे शिक्के लागतात. त्याला कारणही आहे, कारण खात्रीचा पैसा दिसला की टुकार कोर्सेस विकणारेही दारात येतात. दर्जा कोण राखणार? पुन्हा तेच उत्तर: तो आत जाऊन शिकवणारा माणूस. १९९४ ते २०२३ या काळात कायदा विरोधात होता, पैसा नव्हता, मतदार रागावलेला होता. तेव्हा काही थोड्या तुरुंगांत संध्याकाळच्या मोजणीनंतर एक वर्ग भरत राहिला, कारण कुणीतरी दिवसभराची नोकरी करून, मोबाइल गाडीत ठेवून, निबंधांचा गठ्ठा घेऊन फाटकापाशी उभं होतं. २०२३ मध्ये पैसा आला तेव्हा तो कुठे ओतायचा हे माहीत असलेलं एक तरी चालतं कॉलेज देशात शिल्लक होतं, ते यांच्यामुळे.

असो. पुढच्या वीकेंडला जरा हलकाफुलका विषय घेतो.